पाटीचा उल्लेख नसलेला अर्ज

गेल्या वीस वर्षांत आमच्या कोळीवाड्यातून बाहेर पडलेले जवळपास सगळे अर्ज माझ्या अक्षरात आहेत. नळाचे, दाखल्यांचे, विजेच्या खांबाचे, वाळत घातलेल्या बोंबलांच्या पुढ्यात गाड्या लावणाऱ्या पर्यटकांविरुद्धचे. मी चौलला एका शाळेत कारकून आहे. लग्न होऊन गेले होते, चार वर्षांत परत आले, आणि तेव्हापासून आई नि मी रेवदंड्याला एकत्र राहतो. लिहिता येणारी माणसं कोळीवाड्यात आता पुष्कळ आहेत, पण साहेबाला कळेल असं लिहिणारी मीच, असा सगळ्यांचा समज होता. तो मी कधी खोडून काढला नाही. कौतुक कुणाला नको असतं?

या अर्जांची आमच्याकडे एक रीत आहे. सह्या आधी, मजकूर मागाहून. होड्या धक्क्याला लागल्या की लिलाव सुरू होतो, आणि लिलाव सुरू झाला की कुठली बाई कागद वाचत उभी राहणार? म्हणून कोऱ्या कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात सह्या आणि अंगठे घ्यायचे, काय लिहायचं ते बायका जाता जाता तोंडी सांगणार, आणि वरचा अर्धा भाग मी घरी निवांत बसून भरणार. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही, कारण विश्वास ज्याच्यावर टाकलेला असतो त्याला तो जड लागत नाही.

आई अलिबागच्या बाजारात मासळी विकायची. तिची जागा रांगेत पाचवी, नळाच्या अंगाला. आधी तिच्या सासूची होती. या जागांचा कुठे कागद नाही, पण कायदा मात्र कडक आहे. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या, की मोसमाच्या पहिल्या बाजाराला जी बाई भरलेली पाटी घेऊन ज्या जागी बसेल, ती जागा वर्षभर तिची. एरवी कुणी आजारी पडलं, बाळंत झालं, तर शेजारणी आपली ताडपत्री लांबवून तिची जागा राखतात. पहिल्या दिवशी मात्र नाही. त्या दिवशी बाई स्वतः पाहिजे आणि पाटीत म्हावरं पाहिजे. एका वर्षी एक पोरसवदा सून रिकामी पाटी पुढ्यात घेऊन सासूच्या जागेवर बसली होती, मासळी मागून येते आहे म्हणत होती. तिला उठवणारी माझी आईच. “रिकाम्या पाटीन जागा नाय राकता येत बाय,” असं म्हणाली होती. त्या सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी आई विरघळली नाही. ती तशीच होती, आणि रांगेत तिला मान होता तो त्यामुळेच.

बाजाराला जायला सकाळची लाल गाडी होती. तिला तीन पायऱ्या, त्यातली पहिली जवळजवळ गुडघ्याएवढी उंच. पाट्या आधी चढायच्या, शेवटच्या बाकड्याजवळ एकावर एक बसायच्या, मग बायका. आईचे गुडघे गेल्यावर तिला चढवणं हा रोजचा कार्यक्रम झाला. वरून एकीने हात धरायचा, खालून दोघींनी कमरेला जोर लावायचा. मधल्या थांब्यांवर चढणारे लोक नाकाला रुमाल लावून पुढे सरकायचे आणि आमच्या बायका मुद्दाम मोठ्याने गप्पा मारायच्या. वास सगळ्यांना येत होता, पण गाडी सगळ्यांची होती.

मला त्या वासाची लाज वाटायची. हे आता सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. हायस्कूलला मी त्याच गाडीने जायची, पण ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायची आणि मान वळवायची नाही. एकदा आईने मागून हाक मारली, माझा डबा घरी राहिला होता तो तिने आणला होता. हातोहात डबा पुढे आला. मी तो असा घेतला, जणू कुण्या परक्या बाईने दिला होता. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीने विचारलं, कोण गं ती? मी म्हटलं, आमच्या शेजारी राहते.

माझा धाकटा भाऊ जहाजावर आहे. तीन वर्षांमागे त्याने कुठल्याशा परदेशी बंदरातून एक व्हिडिओ पाठवला. शहरातल्या रस्त्यातून रुळांवर ट्राम चालली होती. तिचं दार फुटपाथच्या पातळीला. एक म्हातारी काठी टेकत आली आणि दिवाणखान्यात शिरावं तशी आत शिरली. तिच्या मागून एका बाईने बाबागाडी ढकलत नेली. कुणी कुणाचा हात धरला नाही, कुणी खालून जोर लावला नाही. आईने तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल, देव जाणे. जेवताना म्हणायची, “लाव गो ती म्हातारीची गारी.” आणि ती म्हातारी आत शिरली की दर वेळी समाधानाने मान हलवायची.

त्याच सुमारास ग्रामपंचायतीत बातमी आली. किनाऱ्याच्या रस्त्याने बॅटरीवर चालणाऱ्या, बुटक्या दाराच्या बस सोडणार होते. पहिल्या गाड्या कुठल्या मार्गाला द्यायच्या ते गावागावांची मागणी बघून ठरणार होतं. मी घरी येऊन आईला सांगितलं, आये, ती म्हातारीची गाडी आपल्याकडे येणार. आईचा विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर जाऊन मी कोरा कागद फिरवला. दोन होड्या लागत होत्या, घाई होती, तरी तासाभरात चाळीसच्या वर सह्या झाल्या. आईने सही केली, ती तिला मीच शिकवली होती, आणि पाटी डोक्यावर घेता घेता म्हणाली, “पाटीचा पन लिव हां. नायतं पाटी जाल कशी?”

मी म्हटलं, लिवते.

संध्याकाळी लिहायला बसले आणि लिहीत सुटले. ज्येष्ठ नागरिक लिहिलं, दिव्यांग बांधव लिहिलं, विद्यार्थिनी, गरोदर महिला, नोकरदार. परदेशातल्या ट्रामचा दाखलासुद्धा दिला. दार रस्त्याच्या पातळीला असलं की घरात अडकून पडलेली माणसं बाहेर पडतात, आणि माणसं बाहेर पडली की रस्त्याकडेची दुकानं चालू लागतात, गावाला चार पैसे मिळतात, असं कुठे कुठे वाचलेलं सगळं ओतलं. फार छान उतरलं होतं. मग पाटीच्या वाक्यापाशी आले. “मासळी विक्रेत्या महिलांना पाट्यांसह” एवढं मनात तयार झालं आणि पेन थांबलं. मला तो कागद वाचणारा साहेब दिसला. काचेचं टेबल, थंडगार खोली. पाट्या म्हटलं की त्याच्या नाकाला वास येणार, आणि नवीकोरी गाडी तो दुसऱ्या गावाला देऊन मोकळा होणार. आधी गाडी तर येऊ दे, पाट्यांचं मागाहून बघता येईल, असं मी स्वतःला समजावलं. ते कारण खोटं नव्हतं. पण वाक्य गाळल्यावर अर्ज किती स्वच्छ दिसतोय, असं वाटून मला जे बरं वाटलं, ते त्या कारणामुळे नव्हतं.

गाडी आली. आमच्याच मार्गाला आली, आणि साहेबांनी भाषणात रेवदंड्याच्या अर्जाचा उल्लेख केला. नारळ फुटला, हार घातले. आईने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं. गाडी थांब्याला लागली, सुस्कारा टाकून एका अंगाला जराशी खाली झुकली, आणि दार उघडलं. आई कुणाचा हात न धरता आत गेली. खिडकीपाशी बसली आणि तिथून मला हात केला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्या दिवशी मला जितका अभिमान वाटला तितका आयुष्यात कधी वाटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका पाट्या घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कंडक्टरने दाराच्या आतली पाटी दाखवली. म्हणजे लिहिलेली पाटी. मासळी, मटण, ज्वालाग्राही पदार्थ व पाळीव प्राणी नेण्यास मनाई आहे. बायकांनी आरडाओरडा केला, मग लाल गाडीची वाट बघितली आणि तिने गेल्या. पंधरा दिवस तसे निघाले. मग सकाळची लाल गाडी बंद झाली. एकाच रस्त्याला, एकाच वेळी, दोन गाड्या कशाला, असा विचार वर कुणीतरी केला, आणि कागदावर तो विचार बरोबरच होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात तेव्हा हसत म्हणतात. मला हसू आलं नाही.

गाडी वाईट होती असं मी म्हणणार नाही. चौलचे एक निवृत्त मास्तर दृष्टी गेल्यापासून घराबाहेर पडले नव्हते, ते आता एकटे अलिबागला जाऊन येतात. कॉलेजच्या मुली रिक्षांच्या मिनतवाऱ्या करायच्या थांबल्या. प्रत्येक थांब्याजवळ काही ना काही उगवलं, सरबताचं दुकान, कॉटेजचे फलक, काचेच्या दाराचं कॉफीचं दुकान. थांब्यालगतच्या वाड्यांचे भाव चढले आणि नारळी-पोफळी तोडून भिंती उभ्या राहिल्या. अर्जात लिहिलं होतं ते सगळं शब्दाला शब्द खरं झालं. नुसतं म्हावरं तेवढं रस्त्यावर राहिलं.

सहा आसनी रिक्षावाले पूर्वी मागच्या बाजूला पाटी घ्यायचे. आता त्यांचं रोजचं गिऱ्हाईक बसने गेलं होतं, उरले पर्यटक, आणि पर्यटकांसाठी त्यांनी सीटला नवी कव्हरं घातली होती. त्यांनी पाट्या बंद केल्या. बायकांनी मिळून टेम्पो ठरवला. टेम्पो शेवटची पाटी आल्याशिवाय हलायचा नाही, त्यामुळे बाजारात पोचेपर्यंत सकाळचं गिऱ्हाईक साफ केलेली मासळी डब्यात भरून देणाऱ्या गाडीकडे निघून गेलेलं असायचं. आणि टेम्पोला पायरीच नाही. मागचं फळकं छातीला लागतं. पहिले दोन दिवस दोन गड्यांनी आईला खांद्याला आणि पायाला धरून वर ठेवलं. तिसऱ्या दिवशी ती मागे सरली. “मी काय पाटी हाय, उचलून ठेवाला?” एवढंच म्हणाली आणि घरी आली. तिच्या वयाच्या आणखी चार-पाच जणी तशाच घरी बसल्या. जिच्यासाठी म्हणून बुटक्या दाराची गाडी मागितली होती, तिला आता छातीएवढ्या उंच फळक्यावरून चढायचं होतं. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, फक्त हात मी दाखवला आणि अवलक्षण तिच्या वाट्याला आलं.

मग तिने एक युक्ती केली, मला न सांगता. घट्ट झाकणाच्या डब्यात पापलेटं आणि बर्फ भरला, डबा कापडी पिशवीत घातला, वर जुनं पातळ घडी करून ठेवलं, आणि बसने निघाली. मला हे कळलं ते शाळेत. रेवदंड्याहून येणाऱ्या आमच्या एक बाई स्टाफरूममध्ये सांगत होत्या. चौलच्या वळणावर म्हणे पिशवी कलंडली, झाकण सुटलं, आणि बर्फाचं लालसर पाणी गाडीभर वाहत पुढे आलं. कुणाच्या चपला भिजल्या, एक लहान मूल ओकलं. कंडक्टर बिचारा नवा पोरगा. “आजी, माझी नोकरी जाईल ओ,” म्हणत होता. म्हातारीने आधी पदराने जमीन पुसली आणि मग उतरली. पिशवीतल्या जुन्या पातळाचा रंग सांगितला, तेव्हाच मी ओळखलं.

“किती सांगितलं तरी या बायकांना कळत नाही,” बाई म्हणाल्या. “एवढी छान गाडी मिळालीय.”

मी फाइलींना फीत बांधत होते. ती माझी आई आहे, हे मी म्हणाले नाही. पंचेचाळीस वर्षांची बाई मी, आणि पुन्हा एकदा शेजारीण करून टाकलं तिला.

संध्याकाळी घरी गेले तर आई गरम पाण्यात पाय बुडवून बसली होती. चौलपासून डबा डोक्यावर घेऊन ती चालत परत आली होती. मी विचारलं तर म्हणाली, “गारी चुकली.” मीही पुढे विचारलं नाही. पापलेटं तिने तिखट-मीठ लावून ठेवली होती. रात्री त्यातलीच दोन तळून तिने मला वाढली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी बसच्या ऑफिसात गेले. या वेळी नवा अर्ज लिहून नेला होता आणि त्यात पहिलंच वाक्य पाट्यांचं होतं. साहेब माणूस चांगला होता. खुर्ची दिली, पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग कपाटातून एक फाइल काढली. माझंच अक्षर.

“मॅडम, या मार्गाच्या अटी मागणी अर्जांवरूनच ठरल्या,” तो म्हणाला. “हा सगळ्यात चांगला अर्ज होता. यात ज्येष्ठ आहेत, दिव्यांग आहेत, विद्यार्थिनी आहेत. मासळीचा उल्लेख नाही. असता तर मागे एक कप्पा देता आला असता. दोन मार्गांना दिलाय तसा, तिथल्या लोकांनी मागितला होता. हा अर्ज कुणी लिहिलाय, त्यांना विचारून बघा.”

मी म्हटलं, मीच लिहिलाय.

त्याने फाइल हळूच मिटली. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. ठेकेदाराशी करार काही वर्षांचा आहे, आता गाड्यांत बदल होणार नाही, लाल गाडीचं वर कळवून बघतो, असं म्हणाला. जुन्या अर्जाची एक झेरॉक्सही दिली, का ते मला कळलं नाही. बहुधा मी ती मागितली असावी.

पावसाळ्यात होड्या बंद राहिल्या, आणि बघता बघता नारळी पौर्णिमा तोंडावर आली. आई रोज एकच गोष्ट बोलायची, पहिल्या बाजाराला बसायचं. एकदा बसलं की वर्षाची जागा राहील, मग आठवड्यातून दोनदा का होईना, कसंही करून जाता येईल. तिची सासू त्या जागेवर बसून म्हातारी झाली होती. घरी राहून आई चार महिन्यांत अशी ओसरली होती की बघवत नव्हतं. भांडायची नाही, चेष्टा करायची नाही, दारातून जाणाऱ्याला टोमणा मारायची नाही. ती जागा गेली तर ही बाई फार दिवस काढणार नाही, याची मला खात्री होती.

मी एका ओळखीच्या रिक्षावाल्याच्या मागे लागून त्याला तयार केलं. सीटवर प्लास्टिक घालीन, परत आल्यावर रिक्षा धुऊन देईन, असं कबूल केलं. तो हो म्हणाला. पहिल्या बाजाराच्या सकाळी आईने लिलावात स्वतः बोली लावली, पाटी भरली, बर्फ घातला, ओलं गोणपाट झाकलं. आम्ही दोघी रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. रिक्षा आली नाही. फोन लावला तर तो काशीदच्या रस्त्याला होता. जोडून सुट्या आल्या होत्या, कॉटेजवाल्याने पाहुणे फिरवायला बोलावलं, त्याला नाही म्हणता आलं नाही. टेम्पो केव्हाच निघून गेला होता. मी दोन-तीन मोटारसायकलवाल्यांना हात केला, कुणी थांबलं नाही.

बस मात्र वेळेवर आली. म्हातारी बाई उभी दिसल्यावर ड्रायव्हरने सवयीने गाडी खाली झुकवली. दार आमच्या अगदी पायाशी उघडलं. आत थंड हवा होती, अर्ध्या जागा रिकाम्या होत्या. कंडक्टर तोच पोरगा. त्याने पाटीकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“आजी, तुम्ही या. पाटी नको.”

मी आईला म्हटलं, तू पुढं जा, जागेवर बस, मी पाटी कशीही घेऊन मागून येते. आईने माझ्याकडे पाहिलं. “रिकामी जाऊन बसू?” ती म्हणाली. “मी त्या पोरीला उठवलेला. आथा मना कोन बसू देल? आन का म्हनून देल?”

बस थोडा वेळ तशीच झुकून उभी राहिली. मग दार मिटलं, ती सरळ झाली आणि गेली.

घरी येऊन आम्ही सगळी मासळी साफ केली. हात चालू होते म्हणून असेल, किंवा आणखी गप्प बसणं मला शक्य नव्हतं म्हणून असेल, मी तिला सांगितलं. अर्जात पाटीचं लिहिलंच नव्हतं म्हणाले. तिचा सुरा थांबला नाही. बांगड्याचं पोट काढत ती म्हणाली, “वाच.” मी हात धुतले, झेरॉक्स आणली आणि पहिल्या ओळीपासून वाचली. ज्येष्ठ नागरिक, दिव्यांग बांधव, विद्यार्थिनी, नोकरदार, परदेशातली ट्राम, रस्त्याकडेची दुकानं. खाली चाळीस कोळणींच्या सह्या आणि अंगठे होते, तेवढे मी वाचले नाहीत.

“आमी कुठं हाव त्याच्यान?” तिने विचारलं.

मी झेरॉक्सची घडी घातली.

“मना वाटला होता,” ती म्हणाली. “लाज वाटली ना तुना?” रागाने नाही, ताप आलाय का विचारावं तसं विचारलं. मी हो म्हटलं. तिने पुढचा बांगडा घेतला. त्यानंतर हा विषय तिने काढला नाही, माझ्यापाशी नाही आणि शेजारीपाजारी तर नाहीच. कोळीवाड्यातल्या बायका अजून माझ्याकडे कोऱ्या कागदावर सह्या करून जातात, कारण त्यांना काहीच माहीत नाही. माहीत असून गप्प बसणारी एक होती, आणि ती मला जेवायला वाढत होती.

आठ-दहा दिवसांनी आई म्हणाली, बाजारात जायचंय, चल. हातात काही नव्हतं तिच्या. आम्ही बसने गेलो, तिला कुणी अडवलं नाही. पाचव्या जागेवर आमच्याच आळीतली एक बाई बसली होती, आईपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, टेम्पोत टुणकन चढणारी. आईला बघून ती अर्धवट उठली. “मी घेतली नाय गो मावशे तुझी जागा. रिकामी व्हती म्हनून बसले,” ती म्हणाली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. मग शेजारी उकिडवी बसायला गेली, गुडघ्यांनी ऐकलं नाही, तेव्हा नळाच्या कट्ट्याला टेकली आणि एकेक गिऱ्हाईक सांगू लागली. काळ्या छत्रीवाल्या बाईंना सुरमईचं डोकं लागतं, त्या मागत नाहीत, आपण ठेवायचं. दवाखान्यातली नर्स उशिरा येते, तिच्यासाठी कोलंबी झाकून ठेव. एक आजोबा फक्त बघतात आणि जातात, त्यांना हाकलू नको, बायको गेल्यापासून त्यांना काय घ्यायचं ते कळत नाही. ती बाई मान डोलवत होती. मी बाजूला उभी होते. आईला एवढी माणसं अशी माहीत होती, हे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं ती रोज कुठे जात होती, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तेवढ्यात काळी छत्री आलीच. “अगं, होतीस कुठे इतके दिवस?” त्या बाईंनी आईला विचारलं. “आज काय आणलंयस?”

“मी नाय आनला काय,” आई म्हणाली. “आथा हिच्याकरून घ्या.”

परतीच्या बसमध्ये गर्दी नव्हती. कंडक्टर तोच होता. त्याने आईला धरून नीट बसवलं, खिडकीची जागा दिली. त्या दिवसाचं ओझं त्याच्याही मनावर असावं, कारण तो खूप गोड बोलत होता. आजी, तुम्हाला ही गाडी बरी पडते ना, म्हणाला. चढायला त्रास नाही, उतरायला त्रास नाही. आता रोज येत जा.

“रोज येऊन काय करू?” आईने विचारलं.

ती खरंच विचारत होती. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन तिकिटं घेतली आणि आमच्या थांब्यापर्यंत आईच्या शेजारी बसून राहिले.